मधेचबाई

बाई फोन आपण होऊन कधी ठेवत नाहीत. समोरचा ठेवेपर्यंत कानाला लावून उभ्या राहतात.

चहा उभ्यानेच पितात.

रस्ता माहीत असला तरी विचारतात. सांगणारा हात कधी उचलतो, "म्हणजे बघा" कुठे म्हणतो, हे त्यांना ऐकायचं असतं. मग सांगितलेल्या रस्त्याने न जाता आपल्या रस्त्याने जातात.

बसमध्ये मागच्या सीटवर दोन अनोळखी बायका बोलत असल्या, तर बाई पुढे बघत "हं" म्हणतात. एकदा त्यातल्या एकीने खांद्यावर टिचकी मारून विचारलं, "तुम्ही आमच्या सुनेला ओळखता का?" बाई म्हणाल्या, "नाही. पण चूक तिची वाटत नाही."

बातम्या देणारी मुलगी शेवटी निरोप घेते, तेव्हा तिला उत्तर देतात.

लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टीचा तुकडा असतो. तासाआधी काढायचा, तास झाला की लावायचा. तोच तुकडा, पार चिकटेनासा होईपर्यंत.

आणि मधेच बोलतात. कुणाचंही वाक्य पुरं होऊ देत नाहीत. त्यांचं वाक्य कुणी तोडलं, तर मात्र खूश होतात. म्हणून संस्थेत सगळे त्यांना मधेचबाई म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर.

बाई जर्मन शिकवतात. नेमकं सांगायचं तर जर्मन बोलायला शिकवतात. वाचायला-लिहायला मी शिकवते. साहित्याची पदवी घेऊन नोकरी शोधत आले आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. वयाने त्या माझ्या आईएवढ्या. तरी मैत्री झाली. बहुधा मी वाक्यं अर्धी सोडते आणि त्यांना ती पुरी करायला आवडतात म्हणून.

भाषेची परीक्षा बाई रीतसर पास झालेल्या आहेत. पण बोलायला शिकल्या त्या कारखान्यात. छपाईची यंत्रं बसवायला तिकडचे इंजिनिअर यायचे. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला इथले फिटर, मधे दुभाषी म्हणून बाई. यंत्र चालू असायचं. "दोघांची वाक्यं पुरी व्हायची वाट बघत बसले असते, तर कुणाचं तरी बोट गेलं असतं," असं त्या सांगतात.

त्यांच्या घरी खाली शिवणाचं दुकान आहे, वर राहायची जागा. यजमान शिंपी आहेत. दिवसभर ओठांत टाचण्या धरून काम करतात, त्यामुळे बोलत नाहीत. सोबत बाईंची नणंद राहते. बाई तिला वन्सं म्हणतात. "माझ्या भावाच्या तोंडात टाचण्या आहेत म्हणून हा संसार टिकला," असं वन्सं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

संस्था आधी चपलांच्या दुकानावर दोन मजल्यांत होती. जिना अरुंद होता. वर्ग सुटला की उतरणारे आणि चढणारे एकमेकांना अडवायचे आणि तिथेच मोडकंतोडकं जर्मन सुरू व्हायचं. बाई म्हणायच्या, माझा खरा वर्ग जिन्यात भरतो.

मग साथ आली आणि सगळे घरी बसून पडद्यावर शिकायला लागले. ते दिवस सरले, पण संस्था पुन्हा जिन्यावर आली नाही. संचालकांनी, म्हणजे सरांनी, दोन्ही मजले सोडून दिले. सर माणूस म्हणून सरळ आहेत. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. लांबच्या गावांतल्या, पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या परिचारिका आता ड्यूटी संपवून शिकू शकत होत्या. पूर्वी त्यांना ते स्वप्नातही जमलं नसतं.

सरांचा नियम एकच होता. शिकणाऱ्यांचे माइक बंद. बोलायचं असेल तर हात वर केल्याची खूण दाबायची, मग सर आपल्याकडून माइक उघडणार. तास रेकॉर्ड व्हायचा. ज्यांची ड्यूटी असेल त्या नंतर बघायच्या. म्हणून आवाज स्वच्छ हवा.

माझ्या वाचन-लेखनाला हे फार मानवलं. बाईही शिकवत राहिल्या. शिकणाऱ्या मुली अगदी गुणी. एक बोलत असली की बाकीच्या मिटल्या ओठांनी ऐकायच्या. कुणी कुणाचं वाक्य तोडायचं नाही. बाईंना ते खटकायचं, पण काय खटकतं ते सांगता येत नव्हतं.

त्या तुकडीत एक परिचारिका होती. तशा बऱ्याच होत्या, पण आम्ही सिस्टर म्हणायचो ते हिलाच. बसने जायला अर्धा दिवस लागेल अशा गावी, शस्त्रक्रियेच्या वॉर्डात ती कामाला होती. घरात आई आणि शाळेत जाणारी मुलगी. कमावणारी ती एकटी. जर्मनीतल्या एका वृद्धांच्या रुग्णालयाने तिला पसंत केलं होतं. मुलीलाही नेता येणार होतं. अट अशी, की आधी बोलण्याची परीक्षा पास व्हायची, मग एक मुलाखत. उन्हाळ्यापर्यंत ते तिच्यासाठी जागा राखून ठेवणार होते.

ती परीक्षेत नापास झाली. वाचन, लेखन, ऐकणं या सगळ्यांत उत्तम. बोलण्यात नापास. उन्हाळ्याआधी आणखी एकदाच बसता येणार होतं.

तिचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं होतं. शब्द भरपूर होते. उच्चार स्वच्छ होते. नापास कशी झाली, हे कुणालाच कळेना. बाईंनी तिला सांगितलं, सुट्टी घे आणि घरी ये.

ती आली. पडद्यावर आम्हाला ती नेहमी खांद्यांपर्यंतच दिसलेली. प्रत्यक्षात चांगलीच उंच निघाली. बाईंच्या दारातून वाकून आत आली.

परीक्षेत दोन परीक्षार्थींना समोरासमोर बसवतात आणि मिळून काहीतरी ठरवायला सांगतात. परीक्षक बाजूला बसून ऐकतात. बाईंनी तसंच मांडलं. स्वतः दुसरी परीक्षार्थी झाल्या. मी परीक्षक. एका वृद्ध रुग्णाचा वाढदिवस वॉर्डात कसा साजरा करायचा, ते दोघींनी ठरवायचं होतं. वन्सं कोपऱ्यात मटार सोलत बसल्या होत्या.

सिस्टर छान बोलली. मग बाई बोलू लागल्या. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिली. ताठ, ओठ मिटलेले, नजर स्थिर. बाईंचं बोलणं संपलं. सिस्टर गप्प. बाईंना वाटलं हिला समजलं नाही, म्हणून त्यांनी तेच सावकाश पुन्हा सांगायला घेतलं. नेमकं तेव्हाच सिस्टरने तोंड उघडलं. दोघी एकदम बोलल्या, दोघी एकदम थांबल्या. मग सिस्टरने हाताने खूण केली, आधी तुम्ही.

वन्सं मला म्हणाल्या, "काय गं, ही रुसलीय का?"

बाई जर्मन सोडून आपल्या भाषेवर आल्या. "मी बोलत होते तेव्हा तू काय करत होतीस?"

"ऐकत होते बाई."

"मला कसं कळणार?"

सिस्टरने विचार केला. मग अगदी साधेपणाने म्हणाली, "माइक बंद असतो ना."

म्हणाली आणि तिचा हात आपोआप तोंडावर गेला. खोलीत माइक नव्हताच. चार बायका होत्या आणि मटार होते.

बाई उठून खिडकीशी गेल्या. मग वळून मला म्हणाल्या, हिला हुंकार द्यायला येत नाही. येत होता. आपण गिळायला शिकवला. इतके महिने या मुली बंद माइकमागे बसल्या. हं, हो का, अरे वा, छे छे, हे सगळं तोंडातल्या तोंडात विरत गेलं. त्यात पडद्यावर आवाज उशिरा पोचतो, म्हणून समोरचा खरंच थांबला ना हे बघून मग बोलायची सवय लागली. पडद्यावर ती रीत होती. टेबलापलीकडच्या परीक्षकाला वाटलं, हिला कळलंच नाही.

"भिंतीशी बोलल्यासारखं वाटलं मला," बाई म्हणाल्या. "आणि ही भिंत मी बांधलीय."

दुसऱ्या दिवशी त्या सरांशी बोलल्या. माइक उघडे ठेवू द्या म्हणाल्या. सरांनी त्यांना एक दिवस दिला. त्या दिवशीचा तास मी ऐकला. कुत्रा भुंकत होता. कुणाच्या घरात पाणी भरत होतं. एका मुलीने पहिलाच "हं" म्हटला आणि मागून तिच्या सासऱ्यांचा आवाज आला, "ही बाई फी घेऊन नुसतं हं हं करायला लावते?" ज्यांनी तास नंतर बघितला त्यांच्या तक्रारी आल्या. सरांनी माइक पुन्हा बंद केले. बटण त्यांच्याच हातात होतं.

बाई "बरं" म्हणाल्या. बाईंचं "बरं" म्हणजे होकार नव्हे, हे सरांना तोवर माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी बाई बसने सिस्टरच्या गावी गेल्या. मग दर रविवारी जाऊ लागल्या. पहाटे निघायच्या. बसमध्ये मागच्या सीटवरच्यांना हुंकार देत पोचायच्या. वन्संनी टोमणा मारला की नवऱ्यासाठी कधी इतक्या लवकर उठली नाही. यजमानांनी टाचण्या काढून काही म्हटलं नाही. फक्त बाईंच्या पिशवीचा उसवलेला बंद शिवून ठेवला.

सिस्टरला रविवारी सुट्टी नसायची. रविवारी तिच्याकडे कपड्यांची खोली असायची. धुऊन आलेल्या चादरी, हिरवे कपडे, उश्यांचे अभ्रे. सगळ्यांची घडी घालून वॉर्डनिहाय फळ्यांवर रचायचं. तिथे शिकवू का, असं बाईंनी मेट्रनना विचारलं. चादरींच्या घड्या होणार असतील तर हवं तर चिनी बोला, असं मेट्रन म्हणाल्या.

तेव्हा वर्ग चादरीवर भरला.

दोन मोठ्या माणसांनी चादरीची घडी घालायची म्हणजे चार कोपरे चार हातांत. एकदा ताणायची, एकदा झटकायची, मग जवळ यायचं. एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, खालची कड उचलून पुन्हा मागे जायचं. हे करताना कुणी थांबून "देऊ का?" असं विचारत नाही. हात आपोआप पुढे होतो. बाईंनी नियम घातला की हात चालू असेपर्यंत बोलणं चालू. चादर घेऊन जवळ येणारीने समोरचीचं वाक्य तोडायचं. लांब जाणारीने हुंकार द्यायचा. सगळं जर्मनमध्ये.

पहिल्या रविवारी सिस्टर बोलायला लागली की तिचे हात थांबायचे आणि हात चालले की जीभ थांबायची. चादरी लोंबकळत राहायच्या. बाई ओरडायच्या नाहीत, फक्त आपली बाजू ओढायच्या. सिस्टर ओढली जायची आणि ओढली गेली की तोंडातून काहीतरी निघायचंच. तेवढ्यावर बाई समाधानी.

मधेच बोलणं सिस्टरला उद्धटपणाचं वाटायचं. "मोठ्या माणसाचं बोलणं तोडायचं? आमच्या आईने थोबाड फोडलं असतं."

"तुझी आई तुझं बोलणं तोडते का?"

"सारखं."

"मग तू तिच्यावर रागावून उठून जातेस?"

"नाही. तीही बोलते, मीही बोलते."

"तेच कर. फक्त मला आई समज."

त्या खोलीत एक मावशी इस्त्री करायच्या. जर्मनचा एक शब्द त्यांना कळत नव्हता. पण सवयीने बाईंच्या प्रत्येक वाक्याला "हं", "मग?", "बाई गं" असं चालायचं. बाई हळूहळू सिस्टरकडे पाठ करून मावशींनाच जर्मनमध्ये आपल्या कारखान्याची हकिकत सांगू लागल्या. मावशींनी योग्य जागी जीभ चावली, योग्य जागी हसल्या. सिस्टर हातात चादर घेऊन बघत राहिली. तिचा चेहरा जरा पडला. पुढच्या वाक्याला पहिला हुंकार तिने दिला. मावशींच्या आधी.

मी काही रविवारी बरोबर गेले. परत येताना बाई बसमध्ये बसल्याबसल्या झोपायच्या. एकदा म्हटलं, बाई, एका मुलीसाठी एवढं? त्यांनी डोळे न उघडता सांगितलं की एकीला येईल तेव्हा मला कळेल की ते येतं. मग बाकीच्यांचं बघू.

परीक्षा झाली. सिस्टरसमोर जो मुलगा आला तोही कुठल्यातरी पडद्यावरच शिकलेला. दगडासारखा बसला. सिस्टरने त्याला ओढलं. त्याच्या अर्ध्या वाक्यात शिरली, त्याला हुंकार दिले, तो अडकला तिथे शब्द पुरवला. त्याचीही भीड चेपली. दोघं एकमेकांवर कडी करत बोलायला लागले, तेव्हा परीक्षकांपैकी एकीने पेन खाली ठेवलं, असं सिस्टरने फोनवर सांगितलं. ती पास झाली. तो मुलगाही झाला.

राहिली मुलाखत. ती पडद्यावर होणार होती.

यात आम्हा कुणालाच काही वाटलं नाही. बोलता यायला लागलं म्हटल्यावर कुठेही बोलता येईल, असं धरून चाललो. मुलाखतीच्या दुपारी मी बाईंकडे दुकानात होते. फोन वाजला. बाईंनी तो स्पीकरवर लावून कापडाच्या ठाणावर ठेवला.

सिस्टर रडत नव्हती, पण आवाज रडून झाल्यानंतरचा होता. "मी सगळं तुम्ही शिकवलं तसंच केलं, बाई."

तिकडे तिघं होते. बोलत होत्या त्या वॉर्डप्रमुख. त्यांनी वाक्य सुरू केलं की सिस्टरने मनापासून हुंकार दिला. तिने "हं" म्हटलं की तिकडचा आवाज कापला जायचा, वॉर्डप्रमुखांचं चित्र जायचं आणि तिघांच्याही पडद्यावर हीच मोठी होऊन यायची. त्या थांबायच्या, काही म्हणालात का असं विचारायच्या. ही नाही म्हणायची. त्या पुन्हा सुरू करायच्या. ही पुन्हा "हं". मधे दोनदा तिने वाक्य तोडलं, तेव्हा कुणालाच काही ऐकू आलं नाही. शेवटी वॉर्डप्रमुखांनी आभार मानले. आठवड्याअखेर कळवू म्हणाल्या.

एवढं सगळं सिस्टर सांगत असताना बाईंनी एकदाही हुंकार दिला नाही. मी पहिल्यांदाच बघत होते. सिस्टरने मधे विचारलंसुद्धा, "बाई, आहात ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं. मला वाटलं मी तुला बोलायला शिकवलं. मी तुला एका खोलीत बोलायला शिकवलं."

मला वाटलं, संपलं. मी सिस्टरला धीर देण्याजोगं काही शोधत होते. बाई मात्र पुढे गेल्या होत्या. त्यांनी विचारलं, कळवू म्हणाल्या म्हणजे अजून कळवलेलं नाही ना? मग त्यांच्या आधी आपण बोलायचं. मी म्हटलं, मी छानशी मेल लिहून देते. बाईंनी मला अर्ध्यात तोडलं.

"लिहायचं नाही. वॉर्डचा नंबर आहे ना? फोन कर."

"त्या चिडतील, बाई."

"चिडल्या तर चिडलेलं जर्मन ऐकायला मिळेल. तेही लागणारच आहे तुला."

दुसऱ्या दिवशी सिस्टरने कपड्यांच्या खोलीतून फोन केला. मावशींनी इस्त्री बंद ठेवली होती. काय बोलायचं ते बाईंनी लिहून दिलं नव्हतं, खरं ते सांग एवढंच म्हणाल्या होत्या. सिस्टरने सांगितलं की मी माणसाचं बोलणं आवाज करून ऐकते. माझ्या वॉर्डात म्हातारी माणसं आहेत. समोरून आवाज आला नाही की ती बोलायची थांबतात आणि दुखतंय कुठे तेही सांगत नाहीत. पडद्यावर ते चालत नाही, हे मला काल कळलं. मला पुन्हा एकदा बघा.

फोनवर हुंकार चालतो. फोनला तो लागतोच. वॉर्डप्रमुखांनी मधेच प्रश्न विचारला, हिने मधेच उत्तर दिलं. त्या कुणा आजीबद्दल सांगू लागल्या, हिने हं हं करत ऐकलं. फोन बराच वेळ चालला. त्यांनी येत्या गुरुवारी पुन्हा पडद्यावर बोलावलं.

त्याच संध्याकाळी बाई सरांच्या घरी गेल्या. मला बरोबर घेतलं. सर आता घरातल्याच एका खोलीतून काम करतात. टेबलावर दिवा, मागे पुस्तकांचं कपाट, कपाटात पडद्यावर दिसतील तेवढीच पुस्तकं. त्यांना रविवारची सगळी बातमी होती. बाईंना ऐकवण्यासारखं त्यांच्याकडे पुष्कळ होतं.

बाई बसल्या नाहीत. उभ्यानेच विचारलं, "सर, गप्प राहून ऐकतोय हे कसं दाखवायचं? तुम्हाला येतं. मला शिकवा."

सरांनी चष्मा पुसला. "बसा," म्हणाले.

मग त्यांनी शिकवलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, कॅमेऱ्याच्या ठिपक्यात बघायचं, म्हणजे त्याला डोळ्यांत बघितल्यासारखं वाटतं. मान हलवायची ती सावकाश आणि नेहमीपेक्षा मोठी. पटलं तर जरा पुढे झुकायचं, शंका आली तर मागे. बोलायचं असेल तर आधी बोट किंचित उचलायचं, समोरचा आपणच थांबतो. आणि माइक बंद करून हं म्हणायचंच. आवाज जात नाही, पण चेहऱ्यावर उमटतो.

"हे सगळं तुम्ही कधी शिकलात?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याबरोबरच्या मीटिंगमध्ये," सर म्हणाले. "तुम्ही बोलायला देत नाही ना."

बाई खूप हसल्या.

पण शिकवण्याआधी स्वतःला जमायला हवं, असा त्यांचा हट्ट. मी वरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले, त्या खाली दुकानात. मी जर्मनमध्ये काहीबाही बोलायचं आणि त्यांनी नुसतं ऐकायचं. माइक मुद्दामच उघडा ठेवला होता, म्हणजे चूक कळावी. प्रत्येक वाक्याला त्यांचा "हं" फुटायचाच. त्या स्वतःवरच वैतागत होत्या. माझ्या पडद्यावर बाजूने एक हात आला. यजमानांचा. त्यांनी आपल्या ओठांतल्या टाचण्या काढून बाईंपुढे धरल्या.

"हं, धर," ते म्हणाले. "दातांत नाही. ओठांत."

बाईंनी धरल्या. आणि मग मी जे काही बोलले ते त्यांनी नुसत्या चेहऱ्याने ऐकलं. भुवया, हनुवटी, मान. मी मुद्दाम एक दुःखाची गोष्ट सांगितली आणि सांगता सांगता मलाच गलबलून आलं. मला आजवर इतकं नीट कुणी ऐकलं नव्हतं. तेही जिन्याखालून, पडद्यातून, ओठांत टाचण्या धरून.

सिस्टरला तेच शिकवलं. पडद्यावर, रोज, तिच्या ड्यूटीनंतर. टाचण्यांऐवजी तिने तोंडात थर्मामीटर धरला. तो चावला जाईल म्हणून पुढे चमचा. तिची मुलगी शेजारी बसून आईने "हं" केला की टाळी वाजवायची.

गुरुवारी मुलाखत झाली. सिस्टर शांत राहिली. वॉर्डप्रमुख बोलत असताना तिचा चेहरा बोलत होता. एकदाच तिने बोट उचललं, त्या थांबल्या, तिने रात्रपाळीबद्दल विचारलं. जागा तिला मिळाली. शेवटी वॉर्डप्रमुख म्हणाल्या, इथे आलात की आवाज करून ऐका. आमच्या म्हाताऱ्यांना ते आवडेल. हे सांगताना फोनवर सिस्टर इतकी भरभर बोलत होती, की बाईंना मधेच शिरायला जागाच मिळेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

मला वाटलं, आता रविवारी त्या झोपतील. त्यांनी सरांसमोर अट ठेवली. पडद्यावरचे तास सरांच्या नियमाने, माइक बंद, मानेचा सराव वेगळा. पण परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येकीने त्याआधी काही रविवार कपड्यांच्या खोलीत प्रत्यक्ष हजर राहायचं. सर म्हणाले, एवढ्या लांबून कोण येणार? बाई "बरं" म्हणाल्या. सरांना आता त्याचा अर्थ कळतो. त्यांनी वेळापत्रकात रविवार घातला.

मुली आल्या. बस बदलत, डबे घेऊन, एक तर रात्रपाळी करून थेट. कपड्यांच्या खोलीत मावेनात, तेव्हा मेट्रननी मागच्या इमारतीतला जुना व्याख्यानाचा वर्ग उघडून दिला. त्यात लिहायची फळी जोडलेल्या खुर्च्या होत्या, उजव्या हाताशी पाटीएवढी लाकडी फळी असते तसल्या. बाईंनी दारातूनच बघितलं आणि नको म्हणाल्या. फळी आली की वही येते, वही आली की मान खाली जाते. शिवाय दोन खुर्च्या समोरासमोर आणल्या तर फळ्याच एकमेकींवर आपटतात, माणसं लांबच राहतात.

मेट्रननी सुताराला सांगते म्हटलं. बाईंनी थांबायचं नाकारलं. पिशवीत स्क्रू ड्रायव्हर घेऊनच त्या पुढच्या रविवारी आल्या. वर्गाआधी एकेक खुर्ची उलटी करून फळ्या काढायला बसल्या. स्क्रू गंजलेले. काही फिरायचे, काहींची डोकी झिजलेली. बाई घामाघूम झाल्या होत्या. मी मदतीला हात लावला तर म्हणाल्या, तू मुलींशी बोल, हे मी बघते.

मुली आल्या तेव्हा पुढच्या दोन रांगा मोकळ्या झाल्या होत्या. मागच्या तशाच. बाईंनी एका खुर्चीचा शेवटचा स्क्रू अर्धा फिरवून सोडला, घाम पुसला आणि वर्ग सुरू केला.

पुढच्या दोन रांगांतल्या मुली गुडघ्याला गुडघे लावून बसल्या आणि लगेच भांडल्यासारख्या बोलू लागल्या. उशिरा आलेल्या मागे बसल्या. त्यांनी फळीवर वह्या उघडल्या, पेनं काढली आणि माना खाली घालून लिहायला लागल्या. बाई बोलता बोलता त्या मागच्या रांगांकडे बघत होत्या. स्क्रू ड्रायव्हर अजून त्यांच्या हातातच होता.